सिल्लारीची रात्र आणि तीन नंबरचं बटण

महाशिवरात्रीला पेंचच्या जंगलालगतच्या सिल्लारी गावाला जाऊन आलो. कशाला, तर अंधार पाहायला. घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अंधार पाहायले सव्वाशे किलोमीटर? मंग आपल्याच घरचा मेन स्विच पाड ना."

पंधरा वर्षांपूर्वी तिचं म्हणणं बरोबर होतं. आमचं गाव उमरेडच्या पुढं. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की डोळा लागेपर्यंत तारेच तारे. आता चौकात पांढऱ्याफेक दिव्यांचा उंच खांब आहे. रात्री अकरा वाजता अंगणात पेपर वाचता येतो, पण मुलीला सप्तर्षी दाखवायचे तर शेतावर न्यावं लागतं.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेल्या जागेचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, देशात पहिल्यांदाच. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा, वाघोडा या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. गाव उजेडातच आहे, फक्त तो उजेड रस्त्यावर पडतो, आभाळात जात नाही. एवढं साधं काम आमच्या चौकात का होऊ नये, हा प्रश्न घेऊनच मी परतलो. पण ते ग्रामसभेत बोलेन.

रस्ता सोपा आहे. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत जबलपूर रोडनं पवनीपर्यंत यायचं आणि तिथून डावीकडे आत वळायचं. नागपूर ते सिल्लारी साधारण 70 किलोमीटर. पेट्रोल, पाण्याच्या बाटल्या, औषध-गोळ्या जे काही घ्यायचं ते मनसरलाच घ्या. उपास असल्यानं आमच्याकडे साबुदाण्याची उसळ, भगर आणि रताळी होती, त्यामुळे जेवायला कुठं थांबावं लागलं नाही. आणि उजेड असतानाच पोचा. कारण पुढं येतंच आहे.

रिसॉर्टच्या खोल्या एका ओळीत. प्रत्येकीपुढं ओसरीसारखी गॅलरी, दोन वेताच्या खुर्च्या, आणि दोन गॅलऱ्यांच्या मधात बांबूचा तट्ट्या. तट्ट्यातून माणूस दिसत नाही, पण उजेड आरपार जातो. छताला नारळाएवढा पांढरा गोल दिवा. दिवस मावळला तसा मी सवयीनं तो लावला. दार उघडून बाहेर आलो की ओसरीचा लाइट लावायचा, हे आपल्या हाताला शिकवावं लागत नाही. साप-विंचवाची भीती असते, पोरं इकडून तिकडं पळत असतात.

दहा मिनिटांत दिव्याभोवती किड्यांचं मोहोळ उठलं. छताच्या कोपऱ्यातून एक पाल निघाली आणि दिव्याला चिकटून निवांत जेवायला बसली. आणि तट्ट्यापलीकडून हळूच आवाज आला, "भाऊ, एक सांगू का? राग नका मानू."

वर्ध्याचे एक निवृत्त काका होते. ते आणि काकू आधीपासूनच अंधारात बसले होते. त्यांच्या गॅलरीचा दिवा बंद होता, पण माझा उजेड बांबूच्या फटींतून त्यांच्या मांडीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. काका म्हणाले, "डोळे अंधाराले सरावायले वीस-तीस मिनटं लागतात. तुमचा लाइट लागला अन् आमचा मीटर पुन्हा शून्यावर आला."

मला लाज वाटली, कारण ही गोष्ट मला माहीत होती. बाबा हरभऱ्याच्या जागलीला जायचे तेव्हा मीही मचाणावर झोपायला जायचो. बॅटरी उशाशी असायची, पण ती उगाच पेटवायची नाही असा दंडक होता. रानडुकराची खसफस ऐकू आली की आधी नुसतं पाहायचं. बॅटरी लावली की उजेडाच्या गोलात येईल तेवढंच दिसतं, बाकीचं वावर गायब. ती विझवली की दोन्ही गायब. बाबा म्हणायचे, डुकराला तू दिसतोस, तुला डुक्कर दिसत नाही. तोच मी, पैसे मोजून अंधारात आलो आणि पहिलं काम काय केलं, तर दिवा लावला.

दिवा बंद करायला गेलो तर बोर्डावर सहा बटणं. एक पंखा, एक खोलीतली ट्यूब, एक काहीच न करणारं. गॅलरीचं बटण तीन नंबरचं निघालं, आणि ते सापडेपर्यंत मी सगळी बटणं खालीवर करून रात्रीची दिवाळी केली होती. म्हणून म्हटलं, उजेडी पोचा आणि कोणतं बटण कशाचं ते आधीच पाहून ठेवा. बायकोनं कपाळावरची टिकली काढली आणि तीन नंबरवर चिकटवली. अंधारात चाचपडताना बोटाला टिकली लागली की हे दाबायचं नाही. मी मोबाइलवर ॲप शोधत बसलो असतो.

पण खरी अडचण आईची होती. "दिवेलागणीले घर अंधारात ठेवता? आज महाशिवरात्र आहे बावा, काही वाटते का नाही?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते खटकत होतं. शेवटी पणती लागली, पण खोलीत आतल्या भिंतीजवळ, खाटेच्या आड. खिडकीचे पडदे ओढले, दार लोटलं. आईनं आत महादेवाचं नाव घेतलं आणि मग स्वतःच शाल गुंडाळून बाहेर येऊन बसली. पणतीचा त्रास ना आम्हाला झाला ना काकांना.

साप-विंचवाचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही. पण रात्रभर जळणारा दिवा त्यावर उपाय नव्हे. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागं पाली आणि बेडूक, आणि बेडकामागं कोण येतं ते सांगायला नको. बसण्याआधी एकदा बॅटरीनं खुर्चीखाली, कोपऱ्यात पाहून घ्यायचं, पायात बंद बूट घालायचे, चालताना उजेड पायापुढं जमिनीवर ठेवायचा. एरवी बंद. बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर रबरानं बांधले तर उत्तम, कारण डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. कागद जनरल स्टोअरमध्ये मिळतो, पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टचा असतो तोच.

रात्री मावसभावाला फोनवर हे सांगितलं. तो गेल्या वर्षी मुंबईहून क्रूझवर गेला होता. म्हणे तिथंही हेच. बाल्कनीला बाल्कनी लागून, मधात नुसता पातळ आडोसा. कोणी रात्रभर दिवा ठेवला की शेजाऱ्याला ना समुद्र दिसतो ना तारे, उलट झोपमोड. आणि जहाजाच्या अगदी पुढच्या तोंडाच्या खोल्यांना तर अंधार पडला की पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, जे जहाज हाकतात ते स्वतः अंधारात बसून पुढं पाहत असतात. खालून उजेड आला की त्यांनाही पुढचं दिसत नाही. जहाजाचा कप्तान आणि आमच्या बाबांची जागल यांचं शास्त्र एकच निघालं, याची मला फार मजा वाटली.

तर, दिवा बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच खास दिसलं नाही. मुलगी कंटाळली. मग हळूहळू आभाळ भरत गेलं. साडेआठच्या सुमारास मृग डोक्याच्या थोडं पश्चिमेला, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सरळ रेषेत, आणि त्या रेषेत खाली आलं की झगझगीत व्याध. त्याच्याही खाली दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर नाही, असा अगस्ती. तिकडंच नागपूरचा उजेड पिवळट डागासारखा क्षितिजाला चिकटून होता. साडेनऊपर्यंत ईशान्येकडून सप्तर्षी वर आले, आणि आई एकदम बोलू लागली. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर. आमच्याकडच्या गोंड मंडळींकडून ऐकलेली ही गोष्ट तिनं मला कधीच सांगितली नव्हती. तट्ट्यापलीकडून काकू म्हणाल्या, "अजून सांगा ना." पुढचा तासभर दोन्ही गॅलऱ्यांत मिळून एक गप्पा झाल्या, एकमेकांची तोंडं न पाहता.

मधात एकदा खेळखंडोबा झाला. चौथ्या खोलीतल्या पाहुण्यानं गाडीतून चादर काढायला रिमोट दाबला. चारही इंडिकेटर चमकले, हेडलाइट आपोआप लागले आणि अर्धा मिनिट तसेच जळत राहिले. बिचाऱ्याची चूक नव्हती, गाडीचं तोंडच खोल्यांकडं होतं. तेव्हा गाडी लावताना तिचं तोंड भिंतीकडं किंवा झाडीकडं करा, आणि लागेल ते सामान आधीच काढून घ्या. बाथरूमचा दिवाही लक्षात ठेवा, झरोक्यातून तो मागच्या सगळ्या अंगणात पसरतो. मोबाइल तर खिशातच बरा. फोटो काढायचाच हट्ट असेल तर स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशनं तारे येत नाहीत, शेजाऱ्याचे शब्द तेवढे येतात.

एक गोष्ट आम्हाला काकांनी सांगितली म्हणून साधली. सकाळच्या सफारीसाठी उठायचंच असतं, तर अर्धा-पाऊण तास आधी उठा. फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे साडेचारला आग्नेयेला अख्खा वृश्चिक आकडा टाकून उभा असतो, आणि त्याच्या शेपटीजवळून आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा वर येतो. सव्वापाच-साडेपाचनंतर उजाडायला लागतं आणि तो पुसला जातो. आम्हाला वाघ दिसला नाही, पण त्या अर्ध्या तासानंतर कोणी कुरकुर केली नाही. थंडी मात्र कडक असते. कानटोपी, मोजे, आणि खुर्चीवर टाकायला एक गोधडी न्या, वेत गार पडतो.

तारीख निवडताना कॅलेंडरवर अमावस्या पाहा, पौर्णिमेच्या आगंमागं जाऊ नका. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीची, म्हणजे चंद्र नाहीच आणि सुट्टी आयती. फक्त त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग बंद असतो आणि आभाळही. खोली घेताना विचारून घ्या की गॅलरीचा दिवा तुमच्या हातात आहे की ऑफिसातून लागतो. आवारातले दिवे आम्ही मॅनेजरला विनंती करून दहानंतर बंद करवले, त्यानं आनंदानं केले. म्हणाला, कोणी सांगतच नाही साहेब.

निघताना टिकली काढायची राहिली. ओळीतली पाचवी खोली, दाराच्या डाव्या हाताला बोर्ड, तिसरं बटण. लाल रंगाची आहे, बारीक.