शेड मॅचिंगवालीचा तुर्की गालिचा

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. काम एकच, शेड मॅचिंग. स्टँडर्ड आणि सॅम्पल लाइट बॉक्समध्ये शेजारी ठेवायचे, वेगवेगळ्या दिव्यांखाली बघायचे आणि लाल जरा जरी पिवळ्याकडे झुकला तरी लॉट परत. प्रॉडक्शनवाले मला बघून रस्ता बदलायचे. अशा बाईला म्हातारपणी जुन्या तुर्की गालिच्यांचा नाद लागला याचं आमच्या घरात फार नवल करतात. मला त्यात नवल वाटत नाही. गालिचा घेताना लोक नक्षी बघतात, माप बघतात, सोफ्याला जातो का बघतात. मी रंग बघते. तेवढंच मला येतं आणि या मालात तेवढंच आलं तरी बरंच भागतं.

इस्तंबूलला टूरबरोबर गेलेल्या प्रत्येकाला गालिच्याच्या शोरूमची वारी चुकत नाही. आधी मागावर बसलेली मुलगी, मग रेशमाचे कोश, मग छोट्या काचेच्या पेल्यात सफरचंदाचा गोड चहा. आणि मग दोन पोरं गालिचा हवेत गर्रकन फिरवून टाकतात आणि फिकट दिसणारा गालिचा एकदम गडद होतो. आमच्या ग्रुपमधल्या वहिनी टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. गालिच्याची लव, म्हणजे गाठींतून वर आलेली लोकरीची टोकं, एका दिशेला निजलेली असते. एका बाजूनं बघितलं तर उजेड लवेच्या अंगावरून घसरतो आणि रंग फिका दिसतो, उलट बाजूनं तो लवेच्या टोकांमधून आत शिरतो आणि रंग गडद दिसतो. मखमलीच्या ब्लाउजपीसवरून हात फिरवणारीला हे नव्यानं सांगायला नको. पण विकणाऱ्याला हे कसब येतं आणि त्याचे पैसे आपण भरतो.

त्यानंतर येतं ते वाक्य, ‘हंड्रेड परसेंट व्हेजिटेबल डाय, मॅडम.’

आता हा माझा प्रांत. पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञानं 1856 साली पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत हे रंग तुर्कस्तानात अनातोलियातल्या खेड्यांपर्यंत पोचले. मंजिष्ठाच्या मुळीत लाल रंग देणारं अलिझरिन 1868 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, नीळ 1897 पासून कारखान्यातून बाजारात यायला लागली. कारखान्यातली नीळ आणि झाडातली नीळ यांचा मुख्य रेणू एकच. म्हणजे ‘हा निळा नैसर्गिक आहे’ असं जो नुसत्या नजरेनं सांगतो तो थाप मारतो, मग तो इस्तंबूलचा असो की आमच्या बडोद्याच्या अलकापुरीतला. लालाचं थोडं वेगळं आहे. मुळीत अलिझरिनबरोबर परप्युरिन हे दुसरं रंगद्रव्यही असतं, त्यामुळे प्रयोगशाळेत टीएलसीच्या प्लेटवर, म्हणजे मिसळलेले रंग वेगवेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, मुळीचा लाल आणि कारखान्याचा लाल ओळखू येतात. हाराल्ड ब्योमर नावाचे एक जर्मन विज्ञानशिक्षक इस्तंबूलला राहायचे. त्यांनी जुन्या गालिच्यांतल्या रंगांचं असंच पृथक्करण केलं, कोणता रंग कोणत्या वनस्पतीचा ते शोधलं आणि 1981 मध्ये मारमारा विद्यापीठाच्या साथीनं पश्चिम तुर्कस्तानातल्या आयवाजिक आणि युंतदा भागातल्या खेड्यांत ते रंगकाम परत सुरू करून दिलं. दोबाग म्हणतात त्या प्रकल्पाला. रंगाच्या माणसानं निवृत्तीनंतर काय करावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पण दुकानात कुणी टीएलसीची प्लेट घेऊन जात नाही. तिथे बोटं चालवायची. गालिचा दुमडून लव फाकवायची आणि गाठीच्या मुळाशी काय रंग आहे तो टोकाच्या रंगाशी ताडून बघायचा. वर करडा, मुळाशी भडक जांभळा असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा फुक्सिन हा कृत्रिम रंग, उन्हानं उडालेला. त्या काळी तो फार खपला आणि फार उडाला. चांगला मंजिष्ठ टोकाशी थोडा मवाळ होतो पण मुळापासून टोकापर्यंत लालच राहतो. दुसरं, लालाला खेटून असलेल्या पांढऱ्या गाठी बघायच्या. त्यांच्यावर गुलाबी झाक असेल तर कधीतरी धुताना रंग फुटलेला आहे आणि पुढेही फुटणार. तिसरं, पांढरा सुती रुमाल ओला करून लालावर घासायचा. दुकानदाराचा चेहरा पडतो. पडू द्या.

आणि हो, रासायनिक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. माझं घर त्याच रंगांवर चाललं. विसाव्या शतकातले क्रोम रंग चांगले पक्के आहेत आणि त्या रंगांत विणलेले खेड्यातले गालिचे देखणे आहेत, शिवाय खिशाला परवडतात. मी विचारते ते एवढंच की रंग म्हातारा कसा झालाय.

मी आणला तो पश्चिम तुर्कस्तानातल्या बर्गामाकडचा, साधारण चार बाय सहा फुटांचा, ताणा-बाणा म्हणजे उभे-आडवे धागे दोन्ही लोकरीचे. आपल्याकडच्या भदोही-मिर्झापूरच्या मालात ताणा सुती असतो, त्यामुळे तो पाटासारखा सपाट पडतो. हा जरा अंग मुरडून बसतो, एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटं रुंद. गाठ तुर्की, म्हणजे लोकरीचा धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांवरून घेऊन दोन्ही टोकं त्यांच्यामधून वर काढलेली. हिला गोर्देस गावाचं नाव आहे. इराणी गाठीला सेन्ने गावाचं नाव चिकटलं, पण गंमत अशी की खुद्द सेन्नेचे विणकर तुर्कीच गाठ मारतात! पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावून मोजलं तर चौरस इंचात साठेक गाठी भरल्या. इस्तंबूलजवळच्या हेरेकेच्या रेशमी गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरात शंभर असतात, म्हणजे चौरस इंचात साडेसहाशेच्या आसपास. गाठींच्या आकड्यावर भाव करणाऱ्यांनी माझा गालिचा घेऊ नये. जाड धाग्याची, लांब लवेची, कोनांकोनांची नक्षी आहे ती, तिला बारीक गाठ लागतच नाही.

त्यातला तपकिरी मात्र तासभर बघावा असा. आकृत्यांच्या कडा गडद तपकिरीत विणल्या आहेत आणि त्या कडांची लव जवळजवळ नाहीशी झाली आहे. बोट फिरवलं की लाल-निळा उंच लागतो आणि कडेवर बोट खाली उतरतं, थेट ताण्याला भिडतं. दुकानातला पोरगा म्हणाला, मुद्दाम कोरलंय. कोरलेलं कसलं, तो गडद रंग लोहाचा आहे. लोखंडाचा क्षार आणि टॅनिन मिळून काळपट रंग बसतो आणि तेच लोह वर्षानुवर्षं लोकर ठिसूळ करत राहतं. वापरानं ती झडते. रंगानं स्वतःचंच कापड खाल्लं. फॅक्टरीत असं झालं असतं तर गिऱ्हाइकानं दावा लावला असता.

निळ्या मैदानात पट्टे आहेत, अब्राश म्हणतात त्याला. एका भांड्यातली लोकर संपली, बाईनं दुसरी रंगवली, ती थोडी फिकी आली, विणकाम पुढे चालू. पट्टा बाण्याच्या ओळीला धरून जातो, कुठेतरी मध्येच थांबतो, कारण अर्ध्या ओळीपुरती जुनी लोकर शिल्लक होती. हल्ली कारखान्यातल्या नव्या गालिच्यांत हे पट्टे ठरवून घालतात. ते ओळखू येतात, फार शहाण्यासारखे अंतरं ठेवून येतात.

‘व्हिंटेज’ या लेबलखाली दुसराही माल फिरतो. अंतल्याजवळच्या दोशेमेआल्टीला उन्हाळ्यात कापणी झालेल्या शेतांत हजारो गालिचे आठवडेच्या आठवडे उन्हात पसरतात, रंग उतरावेत म्हणून. फोटो फार सुंदर येतात. मला मात्र ती लाइटफास्टनेसची, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो याची, एक भलीमोठी टेस्ट वाटते. दुसरा प्रकार, लव खरवडायची, रंग ब्लीच करायचा आणि वरून एकच जांभळा किंवा हिरवा चढवायचा. नाक जवळ न्या, कधी क्लोरीनचा वास अजून असतो. आणि कुणी शंभर वर्षांचं वय सांगितलं तर म्युझियमचा कागद मागा. पुरातन ठरलेली वस्तू तुर्कस्तानाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे कागद म्हटलं की वय भराभर खाली येतं.

घरी आणल्यावर समोरच्या बेननी पहिलंच विचारलं, ‘आ तो जूनो छे, घसायेलो पण छे, नवो न मळ्यो?’ आणि पुढच्या दमात मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट. बडोद्यात गालिचा म्हटलं की ती निघणारच. खंडेराव महाराजांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या समाधीसाठी, असं सांगतात. शेवटी 2009 मध्ये दोह्याला लिलावात पन्नास लाख डॉलरच्या वर गेला. अभिमानाची गोष्ट आहे, मान्य. पण तो विणलेला नाही, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर मोती ओवून भरलेला आहे. त्यात गाठ नाही. त्यावर मी फार बोलले की बेन विषय बदलतात.

सांभाळायला अवघड नाही, फक्त कसर ही कीड जपायची. बडोद्याच्या पावसाळ्यात सोफ्याखालच्या अंधाऱ्या भागात ती लोकर खाते आणि वरून पत्ता लागत नाही. डांबरगोळ्या उघड्या खोलीत टाकून काही होत नाही, वाफ बंद पेटीत साठली तरच उपयोग. त्यापेक्षा गालिचा हलवा, उलटा करून झटका, कडा तपासा, वर्षातून एकदा फिरवून ठेवा म्हणजे दारातलं ऊन एकाच बाजूला खात नाही. वॉशिंग पावडर चालत नाही, ती अल्कली असते आणि लोकरीला अल्कली सोसत नाही. काठ उसवला होता तो मी लोकरीच्याच धाग्यानं घालून घेतला. एका ठिकाणी रुपयाएवढं भोक आहे, त्याला रफूगरानं मागितलेल्या पैशांत दुसरी सतरंजी आली असती, म्हणून ते तसंच आहे.

आता किलीम हवा आहे. त्यात गाठी नसतात, बाण्याचाच रंग. जिथे दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे दोन्हीचे धागे आपापल्या बाजूनं मागे वळतात, म्हणून बारीक फट राहते आणि उजेडासमोर धरलं की नक्षी फटींतून दिसते. इस्तंबूलचा तो दुकानदार व्हॉट्सअॅपवर कोन्याकडच्या एका किलीमचे फोटो पाठवतोय. परवा पुढून पाठवला. मी लिहिलं, पाठ दाखव, आणि लालाजवळचा पांढरा जवळून. काल त्यानं पुढूनच पाठवला, फुलदाणी ठेवून.