गोड निघालेले इंद्रजव

जानेवारीतली गोष्ट. माझ्या एम. फार्म.च्या विद्यार्थिनीने पांढऱ्या कुड्यावर काम घेतलं होतं. आमांशावर कुड्याची साल आणि बी, म्हणजे इंद्रजव, आपल्याकडे पूर्वापार देतात. त्यातलं मुख्य अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त औषधी द्रव्य, कोनेसिन. तिने आधी संगणकावर डॉकिंग केलं, म्हणजे औषधाचा रेणू जंतूच्या प्रथिनात नीट बसतो का ते पाहिलं. आमांश घडवणाऱ्या अमीबाच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत कोनेसिनचा रेणू छान बसत होता. आम्ही दोघी खूश होतो.

त्या दिवशी बियांचा अर्क तपासायला घेतला. ड्रॅगेनडॉर्फ या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले की अल्कलॉइड असेल तर नारिंगी साका बसतो. नळी निवळच राहिली. अमोनिया घालून क्लोरोफॉर्ममध्ये पुन्हा अर्क काढला. तेच. चार वाजेपर्यंत पोरीचा चेहरा उतरला.

आमच्या प्रयोगशाळेतले मामा पेठ तालुक्यातले. भांडी विसळता विसळता त्यांनी बरणीतली एक बी उचलली आणि मी नको म्हणेपर्यंत चावलीसुद्धा.

"मॅडम, हे गोडं इंद्रजव. काळ्या कुड्याचं. पांढऱ्याचं तोंडात धरवत नाही, इतकं कडू."

काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. आम्हाला हवा होता होलॅऱ्हिना, म्हणजे पांढरा कुडा. बिया दिसायला सारख्या, त्यामुळे बाजारात सरमिसळ होते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी दुकानातून आणलेल्या बियांची ओळख पटवून न घेता मीच काम सुरू करू दिलं होतं. चूक तिची नव्हती. डॉकिंगला कोनेसिनची रचना आम्ही डेटाबेसमधून दिली होती. बरणीत कोणतं बी आहे, हे संगणकाला कुठून कळणार? रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी तिघं सावळघाटात गेलो. मामांनी दोन्ही झाडं दाखवली. शेंगा दोन्हींच्या जोडीनेच येतात, पण पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. एवढ्या वर्षांत हे मी चित्रातच पाहिलं होतं. पांढऱ्याची शेंगांसकट फांदी दाबून वाळवली आणि ओळख पटवायला पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे पाठवली.

नव्या बियांचा अर्क गुरुवारी तयार झाला. पहिल्याच थेंबांना नारिंगी साका बसला. ती नळी घेऊन पोरगी आधी मामांकडे धावली.