आमची वाटचाल : भात कुठले, देवभात कुठले

गोव्यात फोंड्यातल्या एका गाळ्यात मी आणि माझ्या मावसभावाने काम सुरू केले, तेव्हा ड्रोनने जमिनीचे नकाशे करून देणे एवढाच आमचा धंदा होता. पीक ओळखायला संगणकाला शिकवण्याची वेळ आणली ती एका खाजनाने, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीने. बांध फुटलेला, मानशीतून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून, खारे पाणी आत शिरलेले, बरीच शेते पडीक. भात किती उरले आणि खारफुटी कुठवर आली, हे शेतकऱ्यांना कागदावर हवे होते.

सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात, एक ठिपका 10 मीटरचा. पण श्रावणात पोसलेले भात आणि खारफुटी दोन्ही हिरवीगारच दिसतात. फरक वर्षभरात कळतो: भात पिवळे पडते, कापले जाते, खारफुटी हिरवीच राहते. म्हणून एका तारखेऐवजी वर्षभराच्या तारखांची चित्रे रँडम फॉरेस्टला, म्हणजे उदाहरणांवरून वर्गवारी शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीला दिली. पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ चित्रे फारशी मिळत नाहीत, तेव्हा सेंटिनेल-1 उपग्रहाचे ढगांआरपार पाहणारे रडार कामी आले. लावणीच्या वेळी पाणी साचलेले शेत रडारला काळे दिसते, रोप वाढले की उजळते.

आमची मोठी चूक इथेच झाली. शिकवायचे ठिपके आणि तपासायचे ठिपके आम्ही त्याच शेतांतून उचलले. उत्तरे जवळजवळ सगळी बरोबर आली, आम्ही हरखून गेलो. तेच शिकवलेले मशीन पलीकडच्या गावावर चालवले, तर कुळागरातल्या माडा-पोफळींना त्याने खारफुटी ठरवले. शेजारशेजारचे ठिपके एकसारखेच असतात. मशीन शेत ओळखत होते, पीक नाही. त्यानंतर आम्ही एक अख्खे गाव तपासणीसाठी बाजूला ठेवतो. अचूकतेचा आकडा खाली येतो, पण शेतकऱ्याला तोंड दाखवता येते.

माझा जीव मात्र अडकला आहे देवभातात. पेरलेल्या भातात उगवणारे हे रानटी भात पोटरीत येईपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत, ओळखूच येत नाही. एका काकींनी बांधावर बसून लोंबी माझ्या तळहातावर ठेवली. लांब, तांबूस कुसळ, आणि बोट लागताच दाणे गळाले. "हें पडलें काय फुडल्या वर्सा परत येता," त्या म्हणाल्या. कापणीआधीच दाणे मातीत जातात, सगळे दुखणे त्यातच आहे. त्या दिवसापासून आम्ही ड्रोन लोंबी बाहेर पडताना आणि दाणे गळायच्या आत उडवतो, अगदी कमी उंचीवरून, म्हणजे कुसळे दिसतात. लावणीच्या शेतात ओळीबाहेरचे रोप आधीच संशयित धरतो. पेरीव शेतात ती सोय नाही, तिथे आम्ही अजून चुकतो आणि तसे नकाशावर लिहून देतो.

प्रत्येक हंगामाआधी आमची तीन मुले चिखलात उतरून जीपीएसवर नोंदी घेतात. या नोंदींचा खर्च कमी करा म्हणणारे बरेच भेटतात. तेवढे सोडून बाकी सगळ्यावर आम्ही बोलायला तयार असतो.

आता सत्तरी तालुक्यातल्या एका काजूबागायतदाराने रानमोडी या तणाचा नकाशा मागितला आहे. ती थंडीत फुलते, पांढरट-जांभळी झाक बागेभर पसरते. डिसेंबरअखेर उड्डाण धरले आहे; मुले उतारावर नोंदी घ्यायला आधीच गेली आहेत.