सात की साठ

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी पंचगंगेनं कधीच मागं टाकली होती आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरीत होड्या फिरत होत्या. माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान राजारामपुरीत, उंचावर, म्हणून कोरडं राहिलं. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स माझ्याकडं वीसेक वर्षांपासून आहे. त्या आठवड्यात सोल्डरिंग बाजूला ठेवून मी माडीवर सेट लावून बसलो. वीज नव्हती, सेटला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली होती. गच्चीवर डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, ताणला होता तो जेमतेम दोन पुरुष उंचीवर, आणि तोही मुद्दाम. अँटेना बुटकी असली की ७ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, आपल्याच जिल्ह्यावर परत उतरते. मधल्या डोंगरांची अडचण राहत नाही.

कुंभीकाठच्या एका वाडीत आमचा एक पोरगा अडकला होता. इंजिनिअरिंगला शिकतोय, नुकताच हॅम झालेला. त्याच्याकडं २० वॅटचा सेट होता. तिथून हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट, पोचत नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद. दुपारी ७१२० किलोहर्ट्झवर आमचं बोलणं व्हायचं. त्याचा आवाज क्षीण होता म्हणून मी प्रीअँप (अँटेनातून आलेला सिग्नल वाढवणारा भाग) चालू केला, आरएफ गेन (सेटची ऐकण्याची संवेदनशीलता) पूर्ण उघडला आणि तसाच ठेवला. चूक इथं झाली.

सहाच्या सुमाराला आवाज गढूळ व्हायला लागला. खाली घरघर, तिच्यात मध्येच कुठल्यातरी परक्या भाषेतली घोगरी गाणी. त्या गोंधळातून पोरगा म्हणाला, ‘‘काका, शाळेच्या माडीवर सात माणसं हायती. दोन बाळंतिणी. बोट पाहिजे, ओव्हर.’’ मी वहीत ‘७’ लिहिलं. निरोप घेऊन मोटारसायकलवरून बोटीवाल्यांकडं जाणारा आमचा मित्र दारातच उभा होता. तो म्हणाला, ‘‘सात म्हंजे एका फेरीत होतंय.’’ आणि मला शंका आली. दुपारी हाच पोरगा म्हणाला होता की अख्खी खालची आळी शाळेत आलीय. आळीत काय सातच माणसं? ‘सात’ आणि ‘साठ’ यात फरक असतो तो शेवटच्या एका व्यंजनाचा, आणि गढूळ आवाजात पहिल्यांदा बुडतं ते तेच.

मी त्याला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, सात की साठ कळेना. हात आपोआप गेनच्या बटणाकडं गेला, पण ते आधीच शेवटच्या टोकाला होतं.

मग मी अँटेनाची केबल काढून पाहिली. घरघर गप्प! म्हणजे हा गोंधळ सेटचा स्वतःचा नव्हता, अँटेनाकडून येणाऱ्या सिग्नलमुळं होता. तरी एक प्रश्न उरलाच. ही गाणी खरंच ७१२० वर आहेत, की माझ्याच सेटच्या पोटात तयार होतायत? केबल परत लावली आणि सिग्नल कमी करणारा, १२ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर दाबला. पोरगा एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर, दोन घरं उतरला, हिशोबाप्रमाणं, कारण एक घर ६ डेसिबलचं. गाणी मात्र जवळजवळ गायबच झाली. खरी असती तर तीही दोनच घरं उतरली असती. दोन जोरदार सिग्नल सेटमध्येच एकमेकांत मिसळून झालेलं तिसऱ्या क्रमाचं मिश्रण असेल तर ते तिप्पट उतरतं, १२ ऐवजी ३६ डेसिबल. हे भूत होतं.

हॅमचा बँड ७२०० ला संपतो आणि तिथून पुढं प्रक्षेपण केंद्रं बसलेली असतात. संध्याकाळ झाली की ती प्रचंड ताकदीनं येतात. समजा एक ७२२० वर आहे, दुसरं ७३२० वर. पहिल्याची दुप्पट १४४४०, त्यातून ७३२० वजा केले की ७१२०. सेटमधल्या फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या मिक्सरला एवढी ताकद पेलत नाही, तो दोघांची अशी भेसळ करून आपल्याच फ्रिक्वेन्सीवर आणून ओततो. आणि मी दुपारपासून प्रीअँप लावून त्याला आणखी ताकद पाजत होतो. ४० मीटरवर, म्हणजे या ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, मुळात आकाशातला गोंगाटच सेटच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा मोठा असतो. तिथं प्रीअँपनं क्षीण आवाज सुधारत नाही. हे मला पाठ होतं, तरी त्या दिवशी हातानं ऐकलं नाही.

प्रीअँप बंद केला. अ‍ॅटेन्युएटर तसाच ठेवला. आवाजाचं बटण मोठं केलं आणि आरएफ गेन हळूहळू मागं घेतला, दोन शब्दांमधली घरघर दबेपर्यंत, त्याहून जास्त नाही. आणखी एक गोष्ट सापडली. पलीकडच्या गल्लीतले आमचे सर मदतीला मध्येच बोलायचे तेव्हा काटा टोकाला जायचा आणि एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा ठेवणारा भाग, सेटला दाबून टाकायचा. तो ‘स्लो’वर होता, त्यामुळं सर थांबल्यावरही सेट लगेच मोकळा होत नव्हता आणि पोराचे पहिले शब्द त्यातच जात होते. तो ‘फास्ट’ केला.

आता आवाज बारीक होता, पण कोरडा, स्वच्छ. ‘‘बाळा, आकडा सुटा करून सांग.’’

‘‘सहा. शून्य. सहा, शून्य, काका. बाळंतिणी दोन, ओव्हर.’’

माझ्या हाताला कापरं भरलं. ७ खोडून ६० लिहिलं, चिठ्ठी मित्राच्या हातात दिली. तो जिना उतरून गेलाही. साठ माणसांसाठी एक फेरी निघाली असती, सात जण आणून बोट दुसरीकडं वळली असती, हा विचार तेव्हा करायला वेळ नव्हता.

सातनंतर पोरगा म्हणाला, ‘‘काका, तुमचा आवाज बुडायला लागलाय.’’ अंधार वाढला की हा बँड जवळच्यांना सोडतो आणि लांबच्यांचा होतो. त्यावर माझ्याकडं काही इलाज नव्हता. सकाळी सातला भेटायचं ठरवून त्याला सेट बंद करायला, बॅटरी वाचवायला सांगितलं.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी सातला काही नाही. साडेसातला नाही. आठला त्याच बारीक, कोरड्या आवाजात आलं, ‘‘काका, पहिली बोट बाळंतिणींना घेऊन गेली. दुसरी आत्ता लागलीय.’’