बिघा आखून पाहिला तेव्हा

शिवकाळातल्या जमीनमोजणीचं माप सभासद बखरीत दिलं आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा. कितीदा वाचलं, तरी बिघा काही डोळ्यांपुढे येईना. शेवटी हिवाळ्यात एका पडीक रानात तो आखायलाच घेतला.

आधी काठी. माझा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, 45 सेंटिमीटर भरला आणि मूठ 8. बांबूवर पाच हात मोजले, पुढे मुठीला मूठ लावत गेलो आणि दर मुठीच्या कडेला कोळशाने खूण केली. काठी झाली 265 सेंटिमीटरची, म्हणजे पावणेनऊ फुटांना जराशी कमी.

अडलं ते काटकोनापाशी. नजरेच्या अंदाजाने आखलं, तर चौथी बाजू वीसऐवजी साडेएकवीस काठ्या निघाली. मग कोपऱ्यातून एकीकडे तीन काठ्या, दुसरीकडे चार, आणि दोन खुंट्यांमध्ये नेमक्या पाच येईपर्यंत एक खुंटी सरकवत राहिलो. ताणून बांधलेली सुतळी तर रात्रीच्या दवाने इतकी आखडली की सकाळी खुंट्याच कलल्या होत्या. महाराजांच्या काळात मोजणीला दोरी सोडून काठी का घेतली, ते तिथे उकिडवं बसून खुंट्या सरळ करताना मला पुरतं पटलं.

बाजू 53 मीटर आली. क्षेत्र पावणेअठ्ठावीस गुंठे. बांधावरून पाहताना फार समाधान वाटलं.

मग सोबतच्या उंच मित्राचा हात मोजला: 49, मूठ 9. त्याची काठी 290 सेंटिमीटर, आणि बिघा थेट सव्वातेहेतीस गुंठ्यांचा! काठीत फरक वीतभर, पण बिघ्यात साडेपाच गुंठे. 120 बिघ्यांचा एक चावर. तिथे हाच फरक साडेसोळा एकरांवर जातो.

बखरीतल्या पुढच्या ओळीकडे मी आजवर नीट लक्षच दिलं नव्हतं. हात चौदा तसूंचा (तसू म्हणजे लांबीचं एक जुनं, लहान माप), काठी एकूण ब्याऐंशी तसूंची. म्हणजे पाच हातांचे सत्तर तसू आणि मुठींना उरले बारा. माझ्या हाताचे चौदा भाग करून हिशेब मांडला, तर पाच मुठींना साडेअडतीस सेंटिमीटर येतात; माझ्या भरल्या होत्या 40. आता त्याच बांबूवर ब्याऐंशी खुणा कोरतो आहे.