साठाव्या मिनिटापर्यंत

रविवार, रात्री साडेदहा. अमळनेर.

आज माझ्या फुटबॉल संघातली नऊ नंबर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारी फॉरवर्ड, मैदानावर आली नाही. बोरी नदीकडून झोंबरा वारा येत होता, बाकीच्या पोरी स्वेटर काढून पळायला लागल्या, तरी हिची सायकल दिसेना. सराव संपवून थेट तिच्या घरी गेले. ओट्यावर वेचलेल्या कापसाचा ढीग आणि त्याला टेकून ती, मांडीवर विज्ञानाचं पुस्तक. माझ्याकडे बघेना.

वडील म्हणाले, "मॅडम, दहावीचं वर्ष आहे. आणि फुटबॉलवर पोरीचं पोट भरतं का?"

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आमच्या ओट्यावर हाच प्रश्न आला होता. तेव्हा उत्तरादाखल सांगायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं. मी खेळ सोडला. आज नाव होतं, म्हणून खाली बसले आणि सांगितलं.

मनीषा कल्याण. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातलं मुग्गोवाल हे तिचं खेडं. आधी ती धावण्याच्या शर्यतीत उतरायची, मग फुटबॉलकडे वळली. केरळच्या गोकुलम क्लबकडून खेळली. २०२१ च्या नोव्हेंबरात भारताचा संघ ब्राझीलमध्ये मनाऊसला गेला. पहिल्याच मिनिटाला आपल्यावर गोल चढला होता, आणि आठव्या मिनिटाला हिने बरोबरी केली. वीस वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते तिला. सामना आपण ६-१ असा हरलो, पण तो एक गोल ब्राझीलच्या जाळ्यात गेला तो गेलाच. पुढे ती सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली, २०२४ मध्ये ग्रीसच्या पाओककडे, मग २०२५ मध्ये थेट पेरूला, अलियान्सा लिमाकडे.

आजी इतका वेळ सरकी काढत गप्प ऐकत होती. तिने विचारलं, "पोर एकटी ऱ्हास का तठे? भाकर भेटस का वं?"

भाकर भेटत नसणार, आजी. आत्तापर्यंत मी मनीषाचे गोलच मोजत आले होते. परक्या मुलखातल्या संध्याकाळी ती काय जेवत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

लोक ब्राझीलचा गोल सांगतात. मला त्याहून २०२२ चा ऑगस्ट जवळचा वाटतो. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अपोलोनचा सामना लाटव्हियाच्या रीगाशी होता आणि मनीषा बेंचवर होती. साठाव्या मिनिटाला तिला आत सोडलं. त्या स्पर्धेत उतरलेली ती पहिली भारतीय बाई. त्याच आठवड्यात फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, आपल्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली, आणि आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलमच्या मुलींना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. कार्यालयातली भांडणं मोठ्या माणसांची होती, बूट बांधून तयार बसल्या होत्या पोरी. आजही आठवलं की जीव जळतो.

फॉरवर्डचं बरंचसं आयुष्य असं वाट बघण्यातच जातं. प्रेक्षकाला गोल दिसतो, पण नव्वद मिनिटांत बॉल तिच्या पायाशी असतो तो मोजकी मिनिटं. बाकीचा वेळ ती बॉलशिवाय पळते. समोरच्या संघाच्या बॅकच्या खांद्याशी उभी राहते, अर्धं पाऊल मागे, म्हणजे ऑफसाईड नको; पास सुटताना बॅकच्या पुढे सापडली तर तो फुकट जातो. दहा वेळा पळावं तेव्हा एकदा पास येतो, आणि तो पहिल्या टचला सुटला तर पुन्हा दहा वेळा पळायचं. माझ्या नऊ नंबरला हे न सांगता कळतं. डावा पाय कच्चा आहे म्हणून सगळ्या गेल्यावर ती शाळेच्या मागच्या भिंतीवर नुसत्या डाव्याने बॉल मारत बसते. त्या भिंतीचा तेवढाच रंग उडालाय. मागच्या वर्षी निवड चाचणीचं पत्र आमच्या हातात पडलं ते चाचणी होऊन गेल्यावर. मी रडले. तिने बॉल उचलला आणि भिंतीकडे गेली.

वडिलांना खोटं सांगितलं नाही. पोट भरेलच असं वचन मी देऊ शकत नाही म्हटलं. आपल्याकडे या खेळावर घर चालवणाऱ्या मुली थोड्या आहेत, पण आहेत, आणि माझ्या वेळी एकही नव्हती. एवढंच बोलले. चहा झाला. बराच वेळ ते कापसाकडे बघत होते. मग म्हणाले, दहावीच्या परीक्षेपर्यंत फक्त रविवारी पाठवीन, मार्चनंतर बघू.

निघताना दाराशी त्यांनी हळूच विचारलं, "हिला बूट कितीचा लागतो?"

"चारचा," मी म्हटलं. "सध्या सहाचे घालते. जुने, कुणीतरी दिलेले. टोकाला कापूस कोंबते."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि तिला हाक मारली, बूट आण म्हणून. तिने आणले. उजव्या बुटाच्या टोकातून त्यांनी बोळा ओढून काढला. कापूस मातीने काळा, दगडासारखा घट्ट झालेला. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले, आणि मी सायकल काढली.