गोम की वाणी? आधी मधला खंड बघा

दगडाखाली वळवळ दिसली की आपण लगेच पाय मोजायला बसतो. त्याआधी शरीराच्या मधोमध एकच खंड नीट बघा. त्याला पायांची एक जोडी आणि पाय बाजूला फाकलेले, तर ती गोम. एकाच कड्याखाली दोन जोड्या, तर वाणी, म्हणजे पैसा किडा. डोक्यालगत बघून ठरवलंत तर फसाल. वाणीच्या पहिल्या कड्याला पायच नसतात आणि पुढच्या तीन कड्यांना एकेकच जोडी असते.

गोमेच्या बाबतीत मात्र मोजणी कामाची. जोड्या जवळपास नेहमी विषम भरतात, म्हणजे बरोबर शंभर पायांची गोम शोधण्यात अर्थ नाही. १५ जोड्या, लांब काटकुळे पाय आणि भिंतीवर सुसाट धाव, ही घरातली गोम. १५च पण आखूड पाय, तर लिथोबियसच्या गटातली. २१ किंवा २३ जोड्यांची जाडजूड बहुधा स्कोलोपेंड्राच्या गटातली. हिचाच चावा जास्त झोंबतो. दोऱ्यासारखी बारीक, बिनडोळ्यांची, २७ किंवा जास्त जोड्यांची गोम मातीत राहते.

मोजणी वरून काढलेल्या फोटोवर करा, चालत्या गोमेवर जमत नाही. डोक्याखालच्या विषाच्या नख्या मूळच्या पायच, पण त्या मोजायच्या नाहीत. मागची लांब जोडी मिशांसारखी दिसते, ती मात्र मोजायची. पाय तुटलेले असतील तर खंड मोजा. १५च्या गटातली पिल्लं कमी पायांनी जन्मतात आणि कात टाकता टाकता पाय वाढवतात, त्यामुळे ११ जोड्या भरल्या म्हणून नवी जात सापडली असं नाही!

दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करा. म्हणजे खालचा प्राणी आणि तुमच्यामध्ये दगडच आड येतो. चिमट्याने पाय तुटतात, म्हणून मऊ ब्रशने पारदर्शक बरणीत ढकला. सोबत एक ओलसर पान हवंच, कारण दोघांच्याही कातडीतून पाणी भराभर उडतं. बरणीत पाणी साचू देऊ नका, उन्हात ठेवू नका. एका बरणीत एकच प्राणी: गोमी एकमेकींना खातात, आणि चपट्या पाठीच्या वाणी हायड्रोजन सायनाइड सोडतात, बंद बरणीत तेच शेजाऱ्याच्या जिवावर बेततं.

वाणी बरणीत असताना खालून बघा. बहुतेक वाणींच्या नरात सातव्या कड्यापाशी पायांच्या रांगेत खिंडार दिसतं. तिथले पाय मिलनासाठी बदललेले असतात. जात बहुतेकदा त्यांच्या आकारावरूनच ठरते, म्हणून नुसत्या पाठीच्या फोटोवर जातीचं नाव ठोकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गटापर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

गोल वाणीच्या स्रावाने बोटांवर तपकिरी डाग पडतो. साबणाने धुवा, डाग काही दिवस राहतो. तो हात डोळ्याला लागला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. गोम चावली तर जखम साबणाने धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा, बऱ्याचदा ठणका उतरतो. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर लगेच दवाखाना.